अंकगणिती आणि भूमिती श्रेढी शिकवताना: आधी उड्या मोजायला शिकवा, सूत्र नंतर

एप्रिलची दुपार, कूलर फुल स्पीडवर, आणि दहावीत जाणारी एक पोरगी माझ्या घरच्या फळ्यासमोर उभी. ३, ७, ११, १५ अशी श्रेढी, विसावं पद, म्हणजे विसाव्या जागेवरची संख्या, काढायचं होतं. वही उघडी होती तोवर तिचं उत्तर बरोबर, ७९, येत होतं, मी वही बंद करायला लावली तर तिने झरझर लिहिलं ३ + २० × ४ = ८३. मी म्हटलं, विसावं पद आहे म्हणून वीसदा चार मिळवले का? तर म्हणे, "हाव मॅडम, वीस म्हणजे वीसच ना, ते एक वजा काऊन करतात ते तं सूत्रातच असते." तिथे मला कळलं की सूत्र पाठ आहे पण ते कुठून आलं ते तिला कोणी दाखवलंच नाही, आणि दाखवायचं काम माझं होतं. त्या दिवसापासून मी हे प्रकरण उलट्या बाजूने शिकवते, आणि तेच इथे पायरीपायरीने सांगून राहिले. शिकवणी घेणाऱ्यांना, शाळेत शिकवणाऱ्यांना आणि घरी स्वतःच्या पोरांना बसवून शिकवणाऱ्या आईबाबांना, सगळ्यांना हे चालेल.

आपल्या महाराष्ट्र बोर्डात दहावीच्या बीजगणितात तिसरं प्रकरण अंकगणिती श्रेढीचं आहे आणि भूमिती श्रेढीची गाठ पडते अकरावीत. मी मात्र दहावीलाच दोन्हीची ओळख एकत्र करून देते, भूमिती श्रेढीचे परीक्षेपुरते प्रश्न करायचे नसले तरी. कारण एकच, मिळवत जाणं (अंकगणिती) आणि गुणत जाणं (भूमिती) हे शेजारी शेजारी ठेवलं की दोन्ही जास्त स्वच्छ दिसतात. आणि हो, नावावरून गोंधळ होतो तो पहिल्याच दिवशी मोडून टाका, भूमिती श्रेढीत कंपास-कोनमापक काही लागत नाही.

सुरुवातीआधी दहा मिनिटांची चाचणी

फळ्यावर चारच गणितं द्या: ३ − ७ किती, −५ − (−८) किती, (−३) चा वर्ग किती, आणि ५४ ÷ ६ ÷ ३ किती. जो पहिल्या दोनात अडकला तो उतरत्या श्रेढीत फरकाचं चिन्ह चुकवणार, जो तिसऱ्यात अडकला तो गुणोत्तर ऋण आलं की चुकणार. असे पोट्टे असले तर एक अख्खा तास चिन्हांवर घाला, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, हा तास पुढे तीन तास वाचवतो.

पहिला तास: दोन ऑफर

सूत्र नाही, व्याख्या नाही, फक्त एक प्रश्न. उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवसांचं काम आहे. पहिला मालक पहिल्या दिवशी १०० रुपये देतो आणि रोज १०० ने वाढवतो. दुसरा पहिल्या दिवशी फक्त १ रुपया देतो पण रोज दुप्पट करतो. कुणाकडे जाल? हात वर करायला सांगा, बहुतेक जण पहिल्याकडे जातात. मग वहीत दोन रकाने आखून रोजचा पगार स्वतः लिहायला लावा, कॅल्क्युलेटर नाही.

दहाव्या दिवशी पहिला १००० देतो आणि दुसरा ५१२, पोरं खुशीत असतात. अकराव्या दिवशी ११०० आणि १०२४. बाराव्या दिवशी १२०० आणि २०४८, आणि इथे खोलीत आवाज होतो. पंधराव्या दिवशी १५०० आणि १६३८४. पण एवढ्यावर थांबू नका, विचारा की एकूण पैसे कोणत्या दिवशी पुढे गेले? रोजचा पगार बाराव्या दिवशी पुढे गेला तरी एकूण रक्कम तेराव्या दिवशीही पहिल्याचीच जास्त असते, ९१०० विरुद्ध ८१९१, आणि चौदाव्या दिवशी उलटते, १०५०० विरुद्ध १६३८३. पद वेगळं आणि बेरीज वेगळी हा फरक पोरांना इथेच हाताने करून कळतो, नंतर टीएन (एनवं पद) आणि एसएन (पहिल्या एन पदांची बेरीज) मध्ये घोळ करणारे कमी होतात. पंधरा दिवसांची एकूण बेरीज १२००० आणि ३२७६७, हे दोन्ही आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुसू नका, शेवटी कामी येतील.

ओळखायचं कसं

प्रत्येक क्रमिकेखाली, म्हणजे क्रमाने लिहिलेल्या संख्यांखाली, दोन ओळी लिहायची सवय लावा. वरच्या ओळीत फरक, म्हणजे पुढचं वजा मागचं. खालच्या ओळीत गुणोत्तर, पुढचं भागिले मागचं. फरक सगळीकडे सारखा आला तर अंकगणिती, गुणोत्तर सारखं आलं तर भूमिती, काहीच सारखं नाही तर दोन्ही नाही, आणि "दोन्ही नाही" हेही एक उत्तर आहे हे ठासून सांगा, नाहीतर पोरं कशालाही कुठेतरी कोंबतात.

मिसळलेला संच असा द्या: ७, ३, −१, −५. मग २, −६, १८, −५४. मग ८, ४, २, १. मग ५, ५, ५, ५. मग १, ४, ९, १६. मग नुसतं २, ४ आणि पुढे रिकामी जागा.

पहिल्यात निम्मे पोट्टे फरक ४ लिहितात, कारण डोळ्याला मोठ्यातून लहान वजा करायची सवय असते. तिथे ओरडू नका, म्हणा की ७ वरून ३ वर जायला काय मिळवलं? −४. मिळवलं हा शब्द वापरला की चिन्ह आपोआप येतं. ५, ५, ५, ५ वर भांडण होऊ द्या, ती दोन्ही आहे, फरक ० आणि गुणोत्तर १. आणि २, ४ वाल्यात कोणी ६ म्हणतो कोणी ८, दोघेही बरोबर, दोन पदांवरून काहीच ठरत नाही, निदान तीन पदं पाहिजेत आणि शिवाय नियम सांगितलेला पाहिजे.

१, ४, ९, १६ साठी मी खरी संत्री आणते. सीझनमध्ये आपल्या नागपुरात हातगाडीवर संत्र्याची रास कशी रचतात ते सगळ्या पोरांनी पाहिलेलं असतं. टेबलावर चौकोनी रास रचा, वर १, त्याखाली ४, त्याखाली ९, चौथा थर करायचा तर १६. आता समोरून बघायला सांगा, समोरच्या बाजूला दिसणारी संत्री १, २, ३, ४, ही अंकगणिती श्रेढी. पण पूर्ण थर मोजला तर १, ४, ९, १६, ही नाही. त्यातही फरकांची ओळ काढली की ३, ५, ७ येते आणि ती मात्र अंकगणिती असते. एकाच राशीत हे सगळं दिसतं, पोरं उठून उठून मोजतात, आणि तास संपला की संत्री वाटून टाकायची.

उड्या

आता मुख्य गोष्ट. ह्याच्यावर मी दोन तास घालते आणि ते कमी करायचा मोह मी कधीच करत नाही.

वर्धा रोडवरचा डबल डेकर पूल सगळ्यांना माहीत आहे, खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वरून मेट्रो, लांबी ३.१४ किलोमीटर. हिशोबापुरतं धरा की दर २० मीटरवर एक खांब आहे आणि दोन्ही टोकांना पण खांब आहे. किती खांब? पोरं ३१४० भागिले २० करून १५७ सांगतात. मग वहीत छोटा पूल काढायला लावा, ६० मीटरचा, खांब किती? चार. गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या जागा, किती? तीन. म्हणजे १५७ हे गाळे झाले आणि खांब १५८. पदं म्हणजे खांब, आणि फरक राहतो गाळ्यात. विसाव्या खांबापर्यंत जायला पहिल्यापासून किती गाळे ओलांडले? एकोणीस. एक गाळा ओलांडला की एक उडी. बस, सूत्रातलं "एक वजा" इथून आलं.

मग फळ्यावर तीन ओळींचा तक्ता करा, वर पदाचा क्रमांक, मध्ये उड्या, खाली पद. पहिल्या पदाला ० उड्या, दुसऱ्याला १, तिसऱ्याला २. ३, ७, ११ घ्या आणि खाली ७, ११ असं न लिहिता ३ + १ × ४, ३ + २ × ४ असं उघडं लिहा. त्याच तक्त्यात शेजारी ३, ६, १२ घ्या आणि ३ × २, ३ × २ × २ लिहा. दोन्हीकडे उड्या सारख्याच, इकडे उडी म्हणजे मिळवणं तिकडे उडी म्हणजे गुणणं. मग पोरांनाच विचारा एनव्या पदाला किती उड्या, ते सांगतात एन वजा एक, आणि सूत्र ते स्वतः लिहितात:

एनवं पद = पहिलं पद + (एन − १) × फरक
एनवं पद = पहिलं पद × गुणोत्तराचा (एन − १) वा घात

भूमिती श्रेढीच्या उड्या हातात द्यायच्या असतील तर पेपरची रद्दी घ्या. एक पान, घडी नाही, थर १. एक घडी, थर २. दोन घड्या, थर ४. घडी म्हणजे उडी. पाचव्या पदाला किती थर? पाच घड्या घालून ३२ म्हणणारा पोरगा असतोच, त्याच्या हातात पेपर देऊन पहिल्यापासून मोजायला लावा, पाचव्या पदाला घड्या चारच झालेल्या असतात आणि थर १६. सहा-सात घड्यांनंतर पान घडीच होत नाही, मग तोंडी हिशोब करा, कागद ०.१ मिलिमीटर जाड धरला तर दहा घड्यांना १०२४ थर म्हणजे साधारण १० सेंटिमीटर, आणि वीस घड्यांना १०० मीटरच्या वर. खिडकीतून दिसणाऱ्या उंच बिल्डिंगकडे पोरं बघायला लागतात.

इथेच झिरो माइलची पण आठवण करून देते. सीताबर्डीजवळचा तो घोड्यांचा खांब, मोजणी शून्यापासून सुरू व्हायची असं सांगतात ती जागा. श्रेढीतही एक शून्यावं पद काढून बघा, पहिल्या पदाच्या एक उडी मागे. ३, ७, ११ चं शून्यावं पद −१, म्हणून एनवं पद = ४ × एन − १. "टीएन = ४एन − १ दिलंय, श्रेढी ओळखा" असल्या प्रश्नात एनला गुणलेली संख्या हाच फरक असतो हे मग सांगावं लागत नाही. आलेखात मांडलं तर अंकगणिती श्रेढीचे ठिपके सरळ रेषेत पडतात, भूमितीचे (गुणोत्तर धन आणि १ नसेल तर) वाकत जातात. फक्त ठिपके जोडू देऊ नका, अडीचावं पद नसतं.

दोन पदं दिली असतील तर

इथे पोरं लगेच दोन समीकरणं मांडून वजाबाकी करतात. चूक नाही, पण आधी उड्यांनी करायला लावा. पाचवं पद २३, बारावं ५८. मध्ये उड्या ७, वाढ ३५, म्हणून फरक ५. पाचव्यावरून मागे ४ उड्या, २३ − २० = ३, पहिलं पद मिळालं. दोन ओळी. मग हेच समीकरणांनी करून उत्तर जुळवा, पेपरात समीकरणं मांडून पायऱ्या दाखवायच्या, मनात उड्यांनी पडताळायचं.

भूमितीत तिसरं पद १२ आणि सहावं ९६ दिलं तर ३ उड्यांत ८ पट, गुणोत्तर २, पहिलं पद ३. पण दुसरं ६ आणि चौथं ५४ दिलं तर २ उड्यांत ९ पट, आणि गुणोत्तर ३ पण चालतं आणि −३ पण, म्हणजे २, ६, १८, ५४ किंवा −२, ६, −१८, ५४. उड्या सम असल्या की दोन उत्तरांची शक्यता तपासा, हे हुशार पोरांकडून पण सुटतं.

"तीन अंकी संख्यांपैकी ७ ने भाग जाणाऱ्या किती" हा प्रश्न पण खांब-गाळ्याचाच आहे. पहिली १०५, शेवटची ९९४, अंतर ८८९, उड्या १२७, खांब १२८. शेवटचा एक मिळवायला विसरलेल्याला "खांब मोजले की गाळे?" एवढंच विचारा.

बेरीज

अंकगणिती बेरजेला चिंचोके आणि शेंगदाणे लागतात. २, ५, ८, ११ अशा चार ओळी चिंचोक्यांच्या मांडा, जिना दिसतो. आता शेंगदाण्यांनी तोच जिना उलटा, ११, ८, ५, २, प्रत्येक ओळीला चिकटवून मांडा. प्रत्येक ओळ १३ ची झाली, ओळी ४, एकूण ५२, आणि आपल्याला निम्मं पाहिजे, २६. सूत्र बोलून दाखवा: पहिल्या आणि शेवटच्याची सरासरी गुणिले पदांची संख्या. ह्याच बोलीत पोरांच्या लक्षात राहतं, अक्षरांचं सूत्र त्याच्यावरून लिहिता येतं, उलट होत नाही.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, श्रेढीव्यवहार नावाचा भागच आहे, आपल्या पुस्तकातला श्रेढी हा शब्द नवा नाही. तिथे पहिल्या पदाला आदि किंवा मुख, फरकाला चय आणि पदांच्या संख्येला गच्छ म्हटलंय. त्यातलं एक गणित मी दरवर्षी देते: एक जण पहिल्या दिवशी ४ द्रम्म (जुनी नाणी) दान देतो आणि रोज ५ ने वाढवतो, पंधरवड्यात किती दिले? पंधराव्या दिवशी १४ उड्या, ४ + ७० = ७४. ४ आणि ७४ ची सरासरी ३९, गुणिले १५, उत्तर ५८५. जवळपास नऊशे वर्षांपूर्वीचं गणित आपण चार ओळीत सोडवलं हे पोरांना फार आवडतं, आणि मला पण प्रत्येक वेळी तेवढंच भारी वाटतं.

भूमिती बेरजेला चिंचोके पुरत नाहीत, तिथे सरकवायची युक्ती आहे. आधी फक्त आकड्यांनी करा. बेरीज = ३ + ६ + १२ + २४ + ४८. आता सगळं २ ने गुणून खालच्या ओळीत एक घर उजवीकडे सरकवून लिहा, दुप्पट बेरीज = ६ + १२ + २४ + ४८ + ९६. खालच्यातून वरची ओळ वजा केली की मधलं सगळं जातं, उरतं ९६ − ३ = ९३. मधली पदं पोरांनी स्वतः खडूने खोडली पाहिजेत, तुम्ही खोडू नका. पाच पदांचं सहा वेळा केलं की मग अक्षरांनी करा: बेरीज = पहिलं पद × (गुणोत्तराचा एनवा घात − १) ÷ (गुणोत्तर − १), गुणोत्तर १ नसेल तरच. इथे घात एन, आणि पदाच्या सूत्रात एन − १, हे पोरांना खटकतं आणि खटकलंच पाहिजे. शेवटच्या पदाला एन − १ उड्या असतात, सरकवल्यावर ते अजून एक उडी पुढे गेलं, म्हणून एन. दुसरं काही नाही.

लीलावतीतच भूमितीचं पण गणित आहे, पहिल्या दिवशी २ कवड्या, रोज दुप्पट, महिनाभर. ३० दिवसांची बेरीज २ चा ३१ वा घात वजा २, म्हणजे २,१४,७४,८३,६४६ कवड्या. दोनशे चौदा कोटींच्या वर. आणि आता फळ्याच्या कोपऱ्यातले पहिल्या दिवशीचे १२००० आणि ३२७६७ सूत्राने काढून जुळवायला लावा.

शाब्दिक उदाहरणं

इथे गणित कमी आणि वाचन जास्त चुकतं. प्रत्येक उदाहरणात आधी तीन पदं शब्दांसकट लिहायला लावा. कूलरच्या टाकीत ६० लिटर पाणी, तासाला ४ लिटर संपतं. पोरं लिहितात ६०, ५६, ५२. मी विचारते ६० कधीचं? सुरुवातीचं. मग "सहा तासांनी किती" म्हणजे सहावं पद का? नाही, सहा तास म्हणजे सहा उड्या, सातवं पद, ३६ लिटर. सहावं पद काढणाऱ्याचं उत्तर ४० येतं आणि त्याला चूक सापडत नाही. "दिवशी" आणि "दिवसांनी" ह्या दोन शब्दांत एका उडीचा फरक आहे, हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते.

व्याजाचं पण तसंच. १०००० रुपये, १० टक्के. सरळव्याजाने वर्षाअखेरच्या रकमा ११०००, १२०००, १३०००, अंकगणिती. चक्रवाढीने ११०००, १२१००, १३३१०, भूमिती. सुरुवातीचे १०००० हे शून्यावं पद, म्हणून एन वर्षांनी एन उड्या. आणि २०००० च्या मोबाइलची किंमत दरवर्षी २० टक्के उतरते म्हटलं की गुणोत्तर ०.२ लिहिणारे निम्म्याहून जास्त असतात, त्यांना पुढच्या वर्षीची किंमत तोंडी विचारा, १६००० सांगतात, मग २०००० वरून १६००० ला जायला कितीने गुणलं ते काढायला लावा, ०.८.

तपासताना

पेपर तपासताना मी नुसतं चूक-बरोबर करत नाही, चुकीशेजारी एक अक्षर लिहिते, उ म्हणजे उडी मोजण्यात चूक, चि म्हणजे चिन्ह, वा म्हणजे वाचण्यात. पोरं स्वतःची अक्षरं मोजतात आणि ज्याची उ जास्त त्याला परत तीन ओळींचा तक्ता, ज्याची वा जास्त त्याला फक्त तीन पदं लिहायचा सराव, पूर्ण गणित नाही. सगळ्यांना सगळं परत करायला लावण्यात वेळ फार जातो.

आणि शेवटच्या तासाला प्रत्येकाने एक गणित स्वतः बनवून शेजारच्याला द्यायचं, अट अशी की घरातलं किंवा गल्लीतलं पाहिजे आणि उत्तर स्वतः दोन पद्धतींनी काढलेलं पाहिजे. ती ८३ वाली पोरगी, तिने तर्री पोह्याच्या ठेल्यावरचं गणित आणलं होतं, पहिल्या दिवशी २५ प्लेट, रोज ३ जास्त, किती दिवसांनी १०० प्लेट होतील. शेजारच्या पोराने १०० − २५ = ७५, भागिले ३, उत्तर २५ वा दिवस असं लिहिलं. तिने त्याची वही ओढून घेतली, मध्ये एक छोटा पूल काढला आणि म्हणाली, "हे गाळे आहेत बे, २५ दिवसांनी बरोबर, पण दिवस सव्विसावा."